बाप्पा गावाला गेले आणि माझा आवाजही

अनंत चतुर्दशीला लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत मोरया मोरया करत गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हाक मारली तर नुसती हवा. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध सगळं झालं, आठ दिवसांनी पण आवाज येईना म्हणून शेवटी दादरला ईएनटीकडे गेलो. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर माझे स्वरतंतू, पांढरे असायला हवेत ते लालेलाल! श्वास घेतला की व्हीसारखे उघडायचे, ईsss म्हटलं की जवळ यायचे पण नीट मिटायचे नाहीत. सूज आहे म्हणाले, बोलायचं नाही, कुजबुज पण नाही.

मग काय, एमबीबीएसला असलेल्या भाचीचं व्हॉट्सअ‍ॅपवर डोकं खाल्लं. ती म्हणाली मामा, स्वरयंत्र हे आधी दार आहे, घास-पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून, बोलणं नंतरचं. म्हणून मिटवणारे स्नायू बरेच आणि उघडणारी जोडी एकच, पोस्टेरिअर क्रायकोअरिटेनॉइड, नाव ट्रेनच्या डब्याएवढं आणि जीव केवढासा! ही दोन्ही बाजूंची बंद पडली तर आवाज बऱ्यापैकी राहतो पण श्वासाचे वांधे.

त्याहून भारी म्हणजे या स्नायूंची नस, म्हणजे नर्व्ह, रक्ताची नव्हे. मेंदूकडून येते, गळ्यावरून सरळ खाली छातीत जाते, डावीकडची महाधमनीखालून वळसा घेते आणि परत वर घशात येते. म्हणजे चर्चगेटहून मरीन लाइन्सला बोरिवलीमार्गे! (उजवी आधीच वळते, अंधेरीवरून म्हणा.) म्हणून छातीत गाठ झाली तरी कधीकधी आधी आवाज बसतो, आणि थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये सर्जन हिला फार जपतात.

क्रायकोथायरॉइड नावाचा एकटा स्नायू या नसेवर नाही, त्याची वेगळी. तो स्वरतंतू ताणतो, मग आवाज वर चढतो. करून बघा, गळ्यावरच्या घाटीच्या खाली बोट सरकवलं की एक छोटा खळगा लागतो, त्याच्या खाली कडक रिंग. बोट खळग्यात हलकंच ठेवून खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत जा, खळगा बोटाखाली बारीक होत जातो.

आवाज परत आल्यावर मी हे ठाणे लोकलमध्ये करत होतो, हळू आवाजातच, तर समोरच्या काकांनी एक शब्द न बोलता खिशातून विक्सची गोळी काढून पुढे केली.