अमेरिकेत पक्षी बघायला सुरुवात करताय? आधी तळ्याकाठी जा

शिकागोच्या सबर्बमध्ये नवीन आलेलं कोणी मला पक्ष्यांबद्दल विचारलं की मी एकच सांगते, झाडावरच्या इवल्याशा वॉर्बलरच्या मागे सुरुवातीलाच लागू नका, मान मोडून येते आणि पक्षी पानांत गुडूप. त्यापेक्षा पाण्यातले आणि जमिनीवर चालणारे पक्षी बघा. ते मोठे असतात, उघड्यावर असतात, आणि इथे जवळजवळ प्रत्येक कॉलनीत पावसाचं पाणी साठवायला केलेलं एखादं तळं असतंच. दुर्बीण नसली तरी चालतं.

आणि रंगांवर फार जाऊ नका, पक्षी काय करतोय ते बघा. मॅलार्ड म्हणजे ते हिरव्या डोक्याचं बदक, पण उन्हाळ्यात पिसं गळली की नरसुद्धा मादीसारखाच मातकट दिसतो, मग हिरवं डोकं शोधत बसाल तर सापडणार नाही. खायची पद्धत मात्र तीच, डोकं पाण्यात, शेपटी वर, पूर्ण बुडी सहसा नाही, आणि उडताना पाण्यावरून थेट वर. थंडीत येणारं बफलहेड हे काळं-पांढरं चिमुकलं बदक मात्र सरळ बुडी मारून गायब होतं आणि भलतीकडेच वर येतं. कूट हा पक्षी बदकांच्या घोळक्यात असतो पण तो बदक नाहीच, आपल्याकडचा वारकरी त्याचाच भाऊबंद. पांढरी चोच, पोहताना मान सारखी पुढे-मागे, आणि उडायचं असेल तर आधी पाण्यावर धावत सुटतो. तो काठावर चढला की पाय नक्की बघा, पंजाला बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या गोल झालरी असतात.

कॅनडा गूसवर लोक वैतागतात, गवतावर सगळीकडे घाण करतात म्हणून. मला ते आवडतात. त्यांच्यातली सगळ्यात मोठी उपजात संपली असंच धरून चालले होते, आणि 1962 मध्ये हॅरॉल्ड हॅन्सन या संशोधकाला ती मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये सापडली! जून-जुलैत बघा, यांची उडायची पिसं एकदमच गळतात, काही आठवडे उडताच येत नाही, म्हणून पिल्लांना घेऊन सगळं कुटुंब पाण्याच्या जवळच चरत असतं.

पण माझा सगळ्यात लाडका किलडियर. टिटवीच्याच कुळातला, गळ्याखाली दोन काळे पट्टे, थोडं धावायचं, थबकायचं, परत धावायचं. पार्किंग लॉटच्या कडेच्या खडीत बहुतेक वेळा चार अंडी घालतो, घरटं असं काही नाहीच, नुसता एक खळगा, आणि अंडी खडीच्याच रंगाची, टोकं आत करून ठेवलेली. तुम्ही जवळ गेलात की तो ओरडत समोरून पळतो आणि एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर घासत, शेपटीजवळचा नारिंगी रंग पसरून दाखवत तुम्हाला लांब नेतो, आणि पुरेसे लांब गेलात की भुर्रकन उडून जातो. असं दिसलं तर त्याच्या मागे जाऊ नका आणि पाय खाली बघून टाका, अंडी जवळपासच असतात. ती उचलून दुसरीकडे ठेवणं 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात बसत नाही. साधारण साडेतीन-चार आठवड्यांत पिल्लं निघतात आणि अंग वाळलं की लगेच चालायला लागतात, तेवढे दिवस गाडी जरा बाजूला लावा, एवढंच मागणं आहे.

काठावर ताटकळत उभा असतो तो ग्रेट ब्लू हेरॉन, आपल्या राखी बगळ्यासारखाच पण आणखी मोठा. पुष्कळ जण त्याला क्रेन (आपल्या सारसाच्या कुळातला पक्षी) म्हणतात. उडताना मान बघा, बगळा मान दुमडून घेतो, क्रेन सरळ ताणून उडतो.

आणि क्रेन बघायचेच असतील तर नोव्हेंबरमध्ये इंडियानात जास्पर-पुलास्की या वन्यजीव क्षेत्रात जा, सँडहिल क्रेन हजारोंनी उतरतात. गूस पाश्चर नावाच्या जागेवर सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचा, गरम कपडे भरपूर घाला, आणि आईबाबा इकडे आलेले असतील तर त्यांना नक्की घेऊन जा, बघायला लाकडी मचाण आहे आणि फार चालावं लागत नाही.