गाडीच्या आतले ओरखडे: आधी प्लास्टिक ओळखा, मग हीट गन उचला

काळ्या डॅशबोर्डवर किल्ली घासली की रेघ पांढरी उमटते आणि वाटतं, वरचा रंग निघाला. मग काळा स्प्रे येतो, थोड्या दिवसांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि आधीचा ओरखडा बरा होता म्हणायची वेळ येते. साध्या हॅचबॅकमध्ये कडक प्लास्टिकवर बहुतेक ठिकाणी वरून रंग दिलेलाच नसतो. रंग कच्च्या मालातच मिसळलेला असतो, आरपार. पांढरेपणाची कारणं वेगळी. एक, खरवडल्यामुळे पृष्ठभाग बारीक फाटतो आणि त्या कडांवर प्रकाश विखुरतो. दोन, कडकपणा यावा म्हणून पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकमध्ये टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घातलेलं असतं, ते उघडं पडतं. म्हणजे तिथे रंग भरायचा नसून फाटलेल्या कडा परत बसवायच्या असतात. डॅशबोर्ड पॉलिश मारल्यावर ओरखडा नाहीसा होऊन काही दिवसांनी परत येतो तोही याचमुळे: तेल फटीत भरतं आणि उडून किंवा पुसून जातं.

बेज रंगाचं उलटं आहे. तिथे पांढरी रेघ फारशी दिसत नाही, पण ओरखड्यात मळ बसतो आणि तो काळा दिसतो. त्यामुळे बेज गाडीत निम्मं काम जुन्या टूथब्रशने होतं. आपल्याकडच्या धुळीत बेज इंटिरियर का लोकप्रिय झालं हे कोडंच आहे, पण त्याच्या ओरखड्यांवर खर्च कमी येतो हे खरं.

धुणं आणि ओळख

एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, मऊ ब्रश, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या मायक्रोफायबरने पुसणं. स्विच आणि स्पीकरच्या जाळीजवळ पाणी ओतायचं नाही, ब्रश फक्त ओलसर ठेवायचा. दरवाजाच्या खालच्या भागावरचे बरेचसे ‘ओरखडे’ इथेच जातात, कारण ते बुटाच्या रबराचे डाग असतात. उरलेल्या डागांवर मेलामाइनचा पांढरा स्पंज हलक्या हाताने चालतो. तो मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे, म्हणून चकचकीत भागावर कधीच नाही.

आता नख फिरवा. नख अडकत नसेल तर काम उष्णतेने होईल. अडकलं तर भरावं लागेल.

प्लास्टिक कोणतं ते पॅनेलच्या मागे कोरलेलं असतं: पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलिन), पीपी-टी२० (२० टक्के टाल्क), एबीएस (दुसऱ्या जातीचं कडक प्लास्टिक) किंवा पीसी+एबीएस (एबीएस आणि पॉलिकार्बोनेटचं मिश्रण). पॅनेल काढायला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच साधारण दोनशे रुपयांत मिळतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर नवा ओरखडा पदरात. दरवाजाच्या पॅडचे (आतल्या पॅनेलचे) स्क्रू हँडलच्या कपात आणि झाकणांखाली लपलेले असतात, ते राहून गेले की पॅड तिथेच तडकतं. क्लिपा जुन्या गाडीत तुटणारच, आठ-दहा आधीच आणून ठेवा.

पाण्यात तरंगलं तर पीपी, ही घरगुती चाचणी गाडीच्या प्लास्टिकला लागू पडत नाही. टाल्क मिसळलेलं पीपी पाण्यापेक्षा किंचित जड असतं आणि बुडतं. त्यापेक्षा मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीवर काही होत नाही.

हीट गनचं काम

पीपी साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, एबीएस १०५ च्या आसपासच मऊ पडतं. या फरकावर सगळं अवलंबून आहे. पीपीच्या वरच्या थराला वितळण्याच्या अलीकडे नेलं की फाटलेल्या कडा आपोआप खाली बसतात. केस वाळवायचा ड्रायर इथे पुरत नाही. दोन टप्प्यांची, १८०० ते २००० वॅटची हीट गन हजार-बाराशेपर्यंत येते. एकदाच लागणार असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा.

कमी तापमानाचा टप्पा, म्हणजे ३०० अंशांच्या आसपासचा. गनचं तोंड प्लास्टिकपासून १२ ते १५ सेंटीमीटर दूर, हात सतत गोलाकार फिरता. चार-पाच सेकंदांत पांढरी रेघ गडद व्हायला लागते. ती गडद होताना दिसली की गन बाजूला, पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. पुढची काही सेकंदं आतली उष्णता काम करत राहते. मिनिटभर हात किंवा फडकं लावू नका, मऊ प्लास्टिकवर फडक्याचा विणलेला ठसा उमटतो. गार झाल्यावर गरज पडली तरच दुसरी फेरी.

चुकतं ते एकाच ठिकाणी: गन थांबते. मग चामड्यासारखा दाणा वितळून तिथे चकचकीत ठिपका पडतो आणि तो ओरखड्यापेक्षा जास्त नजरेत भरतो. पातळ पॅनेल वाकतं, मागचे क्लिपांचे कान सरकतात. म्हणून पहिला प्रयोग सीटखालच्या किंवा डिकीतल्या पॅनेलवर. शेजारी रबर, रेक्झिन किंवा स्विच असेल तर त्यावर अ‍ॅल्युमिनियम टेप लावा, साधी मास्किंग टेप गरम झाल्यावर डिंक सोडते. एबीएसवर ही युक्ती जवळजवळ वापरूच नये, कारण रेघ जायच्या आत आकार जातो.

दाणा गेलाच असेल तर तो परत उठवता येतो. मोल्ड बनवायचं दोन बाटल्यांचं सिलिकॉन हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्याच पॅनेलचा चांगला भाग आडवा ठेवून टेपची पाळ करा आणि ओता. ५ × ५ सेंटीमीटर, ४ मिलिमीटर जाडीसाठी १२ ग्रॅम पुरतं. बाटलीवर दिलेल्या वेळेनंतर उलटा ठसा सुटून येतो. खराब जागा गरम करून हा ठसा दहा सेकंद दाबून धरायचा. सिलिकॉन ही उष्णता सहज सोसतं. सांधा अगदी बेमालूम होत नाही, पण तिरप्या उन्हात पाहिलं तरच कळतो.

जिथे गन न्यायची नाही

१ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे डॅशबोर्डचा डावा वरचा भाग आता बहुतेक नव्या गाड्यांत एअरबॅगचं झाकण असतो. त्याच्या मागच्या बाजूला मुद्दाम पातळ केलेली रेघ असते, तिथूनच ते फाटायचं असतं. तिथे उष्णता, पुट्टी, रंग, वरून चिकटवलेलं रेक्झिन, काहीही नको. स्टीअरिंगचा मधला भाग आणि ‘एअरबॅग’ लिहिलेले पिलर (काचांशेजारचे उभे खांब) यांनाही हेच. ओरखडा राहू द्या.

खोल चरे आणि भोकं

मोबाइल होल्डर आणि जीपीएसच्या स्क्रूंची भोकं ही जुन्या टॅक्सीची नेहमीची तक्रार. पीपीला जवळजवळ काहीच चिकटत नाही. एपॉक्सी पुट्टी भोकात घट्ट बसल्यासारखी वाटते आणि उन्हाळ्यात गोळीसारखी सुटून पडते. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा ही जोडी एबीएसवर चालते, पीपीवर नाही. पीपीला पीपीच लागतं: पॅनेलच्या न दिसणाऱ्या काठाची पातळ चीर कापा आणि चपट्या टोकाच्या ४० वॅट सोल्डरिंग आयर्नने मागच्या बाजूने वितळवून भरा. आधी भोकाच्या कडा वितळल्या पाहिजेत, नाहीतर नवा माल नुसता वर बसतो. खिडकी उघडी ठेवा. काम थोडं उंच राहू द्या, धारदार पात्याने तासा, मग ४०० आणि ८०० चा पॉलिश पेपर.

एबीएससाठी त्याच प्लास्टिकचा बारीक चुरा एक भाग आणि अ‍ॅसिटोन तीन भाग, काचेच्या झाकणबंद बाटलीत रात्रभर. दाट खळ होते. ती वाळताना आकसते म्हणून एकदम भरू नका, पातळ थर देत जा. मध्ये पोकळी राहिली तर वरची साय वाळते आणि नंतर खड्डा पडतो.

रंग द्यायचाच असेल

शत्रू म्हणजे डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन. वर्षानुवर्षं चमकदार डॅशबोर्ड पॉलिश मारलेल्या पॅनेलवर रंग मारला की माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. साबणाने दोनदा धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी घ्या, नाहीतर तेच सिलिकॉन फिरत राहतं. नंतर राखाडी स्कॉच-ब्राइटने एकसारखं घासा. स्वयंपाकघरातली हिरवी जास्त खरखरीत असते, तिचे चरे रंगातून दिसतात.

पीपीवर प्लास्टिक प्रायमरचा, म्हणजे पकड देणाऱ्या पारदर्शक थराचा, एक हलका हात अनिवार्य आहे. काळा स्प्रे त्यावर डब्यावर दिलेल्या वेळेतच मारायचा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर, तीन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. पहिल्या हातात पूर्ण झाकायचा मोह झाला की ओघळ येतो आणि दाणा बुजतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हे काम काढू नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. मागच्या बाजूला एक नमुना मारून २४ तासांनी ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा ओढा, टेप चिकटवून झटक्यात काढा. टेपला रंग आला तर पुढे जाऊ नका.

रेक्झिन

रेक्झिन म्हणजे कापडावर मऊ पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक, त्यात मऊपणा आणणारं द्रव घातलेलं असतं आणि उन्हात ते हळूहळू निघून जातं. विदर्भातल्या मे महिन्यात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जातो, मग रेक्झिन ताठ होऊन तडकणारच. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनरने पुसल्यास तेच काम मिनिटांत होतं. ताठ झालेलं रेक्झिन कुठल्याही कंडिशनरने परत मऊ होत नाही. तो पट्टाच बदलावा लागतो.

मऊ रेक्झिनवर दोन-तीन सेंटीमीटरची चीर मात्र घरी भरते. चिरेपेक्षा चहूबाजूंनी दीड सेंटीमीटर मोठं पातळ कॅनव्हासचं ठिगळ, कोपरे गोल करून, चिमट्याने आत सरकवा. चिकटवायला चपला-बुटांच्या सामानाच्या दुकानातलं पीयू (पॉलियुरेथेन) सोल्यूशन मागा. नेहमीचं रबराचं सोल्यूशन पीव्हीसीतलं तेल शोषून काही महिन्यांत लिबलिबीत होतं. दोन्ही बाजूंना पातळ लावून हाताला चिकटेल इतपत वाळू द्या, कडा जुळवून दाबा आणि रात्रभर वजन ठेवा. वरची फट लवचीक व्हिनाइल फिलरने भरा, एका वेळी मिलिमीटरपेक्षा कमी. ओला असतानाच वर दाणा उमटवणारा कागद किंवा आधीचा सिलिकॉनचा ठसा दाबा. फेविक्विक इथे विषासारखं. ते काचेसारखं कडक होतं आणि माणूस बसला की त्याच्या काठावर नवी चीर जाते.

ड्रायव्हरच्या सीटची उजवी बाजू, जिथून चढ-उतार होते, ती शिवणीवर फाटली असेल तर चिकटवण्यात वेळ घालवू नका. कुशनवाल्याकडे जा आणि पूर्ण कव्हर न घेता नुसता तेवढा पट्टा बदलून मागा. सीटच्या बाजूला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल तर ते आधी सांगा, कारण तिथली शिवण ठराविक कमकुवत दोऱ्याचीच असावी लागते.

चकचकीत आणि चिकट भाग

म्युझिक सिस्टिमभोवतीच्या आरशासारख्या काळ्या भागाला २००० आणि ३००० चा वॉटर पेपर, मग बारीक कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट). मीटरच्या पारदर्शक झाकणावर अमोनियाचा काच-क्लीनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं तर जाळीसारखे तडे जातात, तिथे फक्त प्लास्टिक पॉलिश. काही गाड्यांत बटणांवरचा रबरासारखा मऊ थर दमट हवेत चिकट होतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढता येतो आणि खालचं कडक प्लास्टिक बरं दिसतं. पण रात्री उजळणाऱ्या बटणांवर नाही, चिन्हं त्याच थरात कोरलेली असतात.

हे सगळं करण्याआधी एक फोन भंगारातल्या सुट्या भागांच्या दुकानात करावा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. खपाच्या मॉडेलांचं पिलर, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, दरवाजाचं पॅड तिथे अनेकदा रंगाच्या साहित्याच्या किमतीत सुटतं. जुना तुकडा सोबत न्या, कारण एकाच मॉडेलचा बेज वर्षागणिक वेगळा असतो आणि उन्हाने आणखी वेगळा झालेला असतो. पैसे देण्याआधी पॅनेल उलटं करून क्लिपांचे कान शाबूत आहेत का ते बघा. एक तुटलेला चालतो, शेजारचे दोन तुटले असतील तर ते पॅनेल खडबडीत रस्त्यावर खडखडणारच.