शर्यतीचे स्की पोल निवडताना : माझा अनुभव

क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारी, म्हणजे स्कीवरून बर्फावर लांबचं अंतर कापणारी मंडळी स्की आणि तिला लावायच्या मेणावर तासन्‌तास बोलतात, पोलचा, म्हणजे हातातल्या काठ्यांचा, विषय मात्र दोन वाक्यांत उरकतात. मला हे कधीच पटलं नाही. डबल पोलिंगमध्ये दोन्ही पोल एकदम रोवून पोट, पाठ आणि दंडांच्या जोरावर अंग पुढे रेटायचं असतं. तो सगळा जोर बर्फापर्यंत पोचतो तो पोलमधूनच. स्वीडनमधल्या 90 किलोमीटरच्या वासालोपेत शर्यतीत आघाडीचे स्पर्धक तर जवळपास सगळं अंतर असंच कापतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे पोल बाजूला ठेवून कार्बनचे घ्यायचे ठरवलं, तेव्हा मी घाई केली नाही.

आधी लांबी. क्लासिक शैलीच्या (दोन्ही स्की समांतर खाचांत सरळ पुढे सरकवायच्या) शर्यतीत पोल उंचीच्या 83 टक्क्यांहून लांब चालत नाही. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने 2016-17च्या हंगामापासून हा नियम आणला. स्केटिंगला, म्हणजे स्की तिरक्या ढकलत जायच्या शैलीला, साधारण 90 टक्के धरतात. माझी उंची 170 सेंमी, म्हणजे क्लासिकला 140 आणि स्केटिंगला 152.5. दोन्हींसाठी एकच जोडी वापरता येईल का, हा विचार तिथेच सोडून दिला. एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्यावी: काही उत्पादक खालच्या टोकापासून पोलच्या मुठीच्या माथ्यापर्यंत मोजतात, काही हातात अडकवायचा पट्टा जिथून निघतो तिथपर्यंत. छापलेला आकडा तोच असला तरी हातात फरक पडतो.

मग वजन. इथे माझं मत ठाम आहे: नुसत्या ग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नये. दोन बॅटी काट्यावर सारख्याच भरल्या तरी एक फिरवायला जड जाते, तसंच पोलचं. वजन मुठीकडे असेल तर पोल चटकन पुढे येतो. खाली टोकाकडे असेल तर प्रत्येक वेळी ते ओढून आणावं लागतं. मी प्रत्येक पोल आडवा धरून, एका बोटावर तोलून पाहिला. तोल मुठीच्या जितका जवळ, तितका तो मला आवडला.

ताठपणाने जास्त वेळ खाल्ला. शाफ्ट, म्हणजे पोलची दांडी, वाकला की जोर वाया जातो आणि टोक थरथरतं. पण सगळ्यात ताठ, सगळ्यात हलका शाफ्ट आडव्या फटक्याला नाजूक असतो. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, कार्बन सरळ तुटतो. सुरुवातीच्या गर्दीत कुणाची स्की पोलवर आदळणं नेहमीचंच, म्हणून मी सर्वात वरचं मॉडेल सोडून त्याच्या खालचं घेतलं. माझ्या ताकदीला ते पुरेपूर आहे.

पट्टा हातमोजा घालूनच बघायचा. अर्ध्या मोज्यासारखा, अंगठ्याला वेगळी जागा असलेला, डाव्या-उजव्या हाताचा वेगळा. मागे ढकलताना हात उघडला तरी पोल हाताशी राहिला पाहिजे आणि पुढे आणताना पोलची मूठ आपोआप तळहातात परत आली पाहिजे. पट्टा सैल असेल तर महागडा शाफ्टसुद्धा काही कामाचा नाही. बास्केट, म्हणजे पोल बर्फात रुतू न देणारी टोकाजवळची चकती, ट्रॅकनुसार: कडक ट्रॅकला छोटं, मऊ बर्फाला मोठं.

क्लासिकची जोडी 145 ची मिळाली, ती कापून घेतली. मूठ गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. तिच्यावर कढत पाणी ओतत राहायचं, गोंद मऊ झाला की पीळ देत वर ओढायची. ज्योत अजिबात लावायची नाही, शाफ्टमधलं, कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन खराब होतं. शाफ्टभोवती चिकटपट्टी गुंडाळली की कापताना धागे सुटत नाहीत. बारीक दातांची करवत घ्यायची आणि तोंडावर मास्क हवाच, कारण कार्बनची धूळ वाईट. गोंद लावून मूठ परत बसवताना ती टोकाच्या रेषेत आहे का, एवढं बघायचं. गोंद निवला की हलवता येत नाही.

आता प्रत्येक शर्यतीनंतर शाफ्ट पुसून त्यावरून नख फिरवते. खोल चरा लागला, तर तो पोल पुढच्या शर्यतीला नेत नाही.