रेटा

लिव्हरपूलला आम्ही भाड्यानं राहायचो त्या घराशेजारी एक आजोबा होते, त्यांच्या मागच्या दाराला ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक काँक्रीटचा तुकडा लावलेला असायचा. वरवंट्याएवढा असेल. वरची बाजू झिजून गुळगुळीत, बाकी सगळीकडनं खडी बाहेर आलेली. एकदा त्यांचं पार्सल द्यायला गेलो आणि दार उघडताना तो तुकडा पायानंच सरकवला, तर आजोबा आतनं असे काही ओरडले की मला वाटलं यांच्या मांजरावर पाय पडला. मग ते स्वतः उठून आले, वाकले (गुडघे दोन्ही गेलेले, तरी वाकले), तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हा कॉप आहे.

कॉप मला माहीत होता, पण टीव्हीवरचा. लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानात एका गोलच्या मागची ती उंच बाजू. १९०६ मध्ये भराव घालून बांधली, १९२८ मध्ये वर छप्पर आलं, आणि १९९४ पर्यंत तिथं खुर्ची नावाची गोष्ट नव्हती. नुसत्या पायऱ्या, आपल्या नदीच्या घाटाला असतात तशा, फक्त बसायला नाही, उभं राहायला. एकेकाळी त्या एका बाजूला अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं मावायची. मावायची म्हणजे काय ते ज्यानं सकाळची फास्ट लोकल पकडलीय त्यालाच कळेल.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळं फुटबॉलची पब्लिक काय चीज असते हे मला इंग्लंडला जाऊन कळलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडं टीम म्हणजे तालीम. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असलं की सख्खे मावसभाऊ चार दिवस एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण आम्ही बसायचो, उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर, त्यामुळं घरातनं निघताना कालचा पेपर घ्यायचा बुडाखाली घालायला. हे मी आजोबांना मोठ्या कौतुकानं सांगितलं तर ते हसतच सुटले. म्हणाले, पेपर आम्ही पण न्यायचो. पण बसायला नाही.

तर त्याचं असं की तीनच्या मॅचला बारा-साडेबाराला जाऊन उभं राहायचं, त्याआधी पबमध्ये दोन-तीन ग्लास झालेले, आणि एकदा गर्दीच्या मध्ये अडकलात की संडास विसरायचा, तिथंपर्यंत पोचेपर्यंतच हाफटाईम संपणार आणि परत येऊन आपली जागा मिळणार नाही ती नाहीच. मग पेपर गुंडाळायचा, नळी करायची, आणि पुढचं तुम्ही समजून घ्या. मुरलेला माणूस पेपर वापरायचा, न मुरलेला पुढच्याच्या कोटाचा खिसा. पुढच्याला पोटरी गरम लागली की कळायचं. आजोबा हे इतक्या प्रेमानं सांगत होते, जणू आईच्या हातच्या पुरणपोळीची आठवण. तेवढ्यात आजी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "हो ना, फारच छान दिवस होते. पँटी मी धुवायचे."

आजोबा आठ-नऊ वर्षांचे असताना पहिल्यांदा गेले ते थेट कॉपवर नाही. कॉपच्याच एका कोपऱ्यात पोरांसाठी जाळी लावून वेगळी जागा केलेली होती, तिला सगळे पोरांचा कोंडवाडाच म्हणायचे. तिकीट कमी. आणि आत असलेल्या प्रत्येक पोराचं आयुष्यातलं ध्येय एकच, की वर चढून, जाळीवरनं उडी टाकून मोठ्यांच्या गर्दीत गायब व्हायचं. आजोबांना ते जमायला दोन सीझन लागले, पँट फाटली, आणि पलीकडं उतरल्यावर दीड तास लोकांच्या पाठी सोडून काही दिसलं नाही. तरी म्हणे तो दिवस लग्नाच्या दिवसापेक्षा भारी. (हे आजी स्वयंपाकघरात असताना.)

मग हळूहळू जागा ठरली. मला सगळ्यात नवल वाटलं ते या जागेचं. तिकिटावर नंबर नाही, खाली चुन्याची रेघ नाही, अठ्ठावीस हजारांतल्या कुणीही कुठंही उभं राहावं, आणि तरी प्रत्येकाची जागा ठरलेली. आजोबांची गोलच्या जरा डावीकडं, अर्ध्याच्या थोडी वर, एका लोखंडी बारच्या पुढं. असे आडवे बार पायऱ्यांवर ठिकठिकाणी होते, गर्दीचा लोंढा थोपवायला. नवखा माणूस काय करतो, बार दिसला की त्याच्या मागं जाऊन वर कोपरं टेकवून आरामात उभा राहतो. आणि गोल झाला की मागचे पाचशे जण त्याच्यावर येतात आणि त्याच्या बरगड्यांचं भजं होतं. शहाण्यानं बारला पाठ लावून त्याच्या पुढं उभं राहायचं, म्हणजे मागचा सगळा भार बार घेतो. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, एकदा बरगड्या शेकल्या की आपोआप कळायचं.

त्यांच्या बाजूला एक माणूस उभा राहायचा. वीस-बावीस वर्षं तोच. त्याचं नाव आजोबांना माहीत नव्हतं. गोदीत होता की बेकरीत तेही नाही. माहीत काय, तर त्याला दमा होता, तो पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचा, आणि आपल्याविरुद्ध कॉर्नर मिळाला की तो डोळे गच्च मिटून घ्यायचा आणि आजोबांना विचारायचा, गेला का बॉल? मी म्हटलं, वीस वर्षांत नाव नाही विचारलंत? आजोबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी अश्लील बोललोय.

आणि तो लोंढा. त्याला ते लोक जो शब्द वापरतात त्याच्यापेक्षा आपला 'रेटा' कितीतरी बरा, आणि मी तो आजोबांना शिकवला, ते 'रेता' म्हणायचे. लोकलमधला रेटा आपल्याला एका दिशेला नेऊन सोडतो, दादरला उतरायचं नसलं तरी उतरवतो. कॉपवरचा रेटा समुद्रासारखा. बॉल गोलजवळ आला की सगळे बघायला पुढं झुकणार, की अख्खी टेकडी खाली वाहायला लागते, दहा-पंधरा पायऱ्या, पाय जमिनीला नाहीत, हात वर अडकलेले, आणि मग तेवढ्याच पायऱ्या परत वर, आणि बघता बघता तुम्ही आपल्या जागेवर, फक्त टोपी वेगळी. बूट जायचे. लहान पोरं डोक्यांवरनं हातोहात पुढं पाठवली जायची, अगदी खालच्या कठड्यापर्यंत.

मार्च १९७७, युरोपियन कपची क्वार्टर फायनल, फ्रान्सची सेंट एतियन. दोन मॅचचे गोल मिळून निकाल लागायचा. पहिला लेग म्हणजे पहिली मॅच तिकडं हरलेले, इकडं दुसऱ्या लेगला २-१ पुढं असूनही अजून एक लागतो, सहाच मिनिटं राहिलेली. डेव्हिड फेअरक्लॉ नावाचा लाल केसांचा बदली पोरगा मधनं बॉल घेऊन पळत सुटतो आणि नेमका कॉपच्या बाजूला गोल मारतो. लिव्हरपूलमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, मी तिथं होतो म्हणेल. आजोबा खरंच होते. आणि त्यांनी तो गोल बघितलेला नाही! फेअरक्लॉनं बॉल घेतला तेव्हाच रेटा सुरू झाला, आजोबा फिरले, आणि गोल झाला तेव्हा त्यांचं तोंड छपराकडं आणि नाक कुणाच्या तरी ओल्या कोटात. बाजूच्या दमेकऱ्यानं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. गोल कसा झाला ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं, नंतर शंभर वेळा पाहिलं असेल. "पण टीव्हीवाल्यांना फक्त दिसला," म्हणाले.

कॉपवाल्यांच्या वात्रटपणाच्या गोष्टी तर किती. १९६७ मध्ये लीड्सच्या गोलकीपरनं, गॅरी स्प्रेकनं, हातानं बॉल फेकता फेकता स्वतःच्याच गोलमध्ये टाकला, तोही कॉपसमोर, आणि हाफटाईमला मैदानावरच्या लाऊडस्पीकरवर निष्काळजी हातांचं एक जुनं गाणं लागलं. अख्खा कॉप ते गात होता. आणि तरी समोरच्या टीमचा गोलकीपर कॉपकडं यायला लागला की त्याला टाळ्या वाजवायची पद्धत, तीही याच लोकांची. आधी टाळ्या, मग दीड तास त्याच्या खानदानाचा उद्धार.

नावाचं एक राहिलं. कॉप हे आफ्रिकेतल्या एका टेकडीचं नाव, स्पियॉन कॉप, म्हणजे टेहळणीची टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथं इंग्रजांचा सपाटून पराभव झाला, मेलेल्यांत या लँकेशायर भागातली पोरं पुष्कळ, म्हणून पुढं एका स्थानिक पत्रकारानं मैदानातल्या नव्या टेकाडाला ते नाव सुचवलं. आणि त्या खऱ्या टेकडीवरनं जखमी सोल्जर डोल्यांमधनं वाहून आणणाऱ्यांत हिंदी लोकांचं एक पथक होतं, त्याचा म्होरक्या डर्बनचा एक तरुण बॅरिस्टर, मोहनदास गांधी. हे मी आजोबांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. मोबाईलवर दाखवलं. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे गांधी कॉपवर होता." त्यानंतर गल्लीत माझी ओळख करून देताना ते आधी हे सांगायचे, माझं नाव मागाहून.

हे सगळं ऐकायला मजा येते, पण १५ एप्रिल १९८९ आलं की ती थांबते. शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूलची एफए कपची सेमीफायनल. अशाच उभं राहायच्या पायऱ्या, पण तिथं आडव्या-उभ्या जाळ्या घालून कप्पे केलेले, पुढं मैदानाकडं उंच कुंपण. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं आणि लोंढा सरळ बोगद्यातनं मधल्या भरलेल्या कप्प्यांत गेला, बाजूचे कप्पे मोकळे असताना. लिव्हरपूलची ९७ माणसं गेली. सगळ्यात लहान पोरगा दहा वर्षांचा. वर दोष कुणावर, तर प्रेक्षकांवरच, दारू पिऊन आले होते म्हणून. ते खोटं होतं हे कोर्टात ठरायला २०१६ उजाडलं. आपल्याकडं एल्फिन्स्टनच्या पुलावर २३ जण गेले तेव्हाही गर्दीच्या नावानं बोटं मोडणारे निघालेच, जिना केवढा होता ते बाजूला. समुद्रासारखा रेटा वगैरे मी वर लिहिलंय ते मला खोडायचं नाही, पण तो रेटा परत फिरायचा कारण त्याला परत फिरायला जागा होती, एवढं मात्र लिहून ठेवतो.

आजोबा त्या दिवशी शेफिल्डला नव्हते, ड्युटी होती. दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅनफिल्डवर लोक फुलं घेऊन यायला लागले, कॉपच्या गोलपासून मैदानावर फुलंच फुलं, बारना मफलर बांधलेले. आजोबांच्या डोक्यात एकच. तो दमेवाला. नाव माहीत नाही, त्यामुळं पेपरातल्या यादीत बघून उपयोग नाही. पुढं अ‍ॅनफिल्डवर पहिली मॅच झाली तेव्हा ते दोन तास आधी जाऊन आपल्या बारपुढं उभे राहिले. अर्धा तास गेला, एक तास गेला. मग तो आला. पेपरमिंट पुढं केली, यांनी घेतली. बाकी काही बोलणं नाही.

पुढं चौकशी बसली, रिपोर्ट आला, आणि वरच्या दोन डिव्हिजनच्या मैदानांवर उभं राहणं बंद, सगळीकडं खुर्च्या असं ठरलं. ३० एप्रिल १९९४ ला कॉप शेवटचा उभा राहिला. समोर नॉरविच. त्यात लिव्हरपूल १-० नं हरलं, एवढी सजावट, एवढी गाणी, आणि गोल मारला कोणी तर नॉरविचच्या जेरेमी गॉसनं. आजोबांना याचं अजून हसू येतं. मग तोडफोड सुरू झाली आणि पायरीचा हा तुकडा त्यांच्याकडं आला, कसा ते मी विचारलं नाही. नवीन कॉपवर बाराएक हजार खुर्च्या, प्रत्येकीला नंबर. आजोबांना नंबर मिळाला, छान मिळाला, सगळं मैदान दिसतं. दमेवाल्याला कुठला मिळाला कुणास ठाऊक. एक-दोन सीझन ते हाफटाईमला उठून मागं बघायचे.

आता म्हणे परत उभं राहायला परवानगी आहे, खुर्चीसमोर लोखंडी कठडा असतो, खुर्ची मिटवायची आणि धरून उभं राहायचं. अ‍ॅनफिल्डला ते २०२१ मध्ये बसवलं. आजोबा बघून आले. म्हणाले, चांगलंय, सुरक्षित आहे, पण कठड्यालाही नंबर आहे.

परत यायच्या आधीच्या हिवाळ्यात एका शनिवारी ते मला जवळच क्रॉस्बीला घेऊन गेले, मरीन नावाच्या छोट्या क्लबच्या मॅचला. खालच्या लीगमध्ये अजून पायऱ्या आहेत. एका बाजूला लोकांची परसं मैदानाला इतकी खेटून की मध्ये उंच जाळी टाकलीय, नाहीतर बॉल वाळत घातलेल्या कपड्यांत. कोविडच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, या क्लबला एफए कपमध्ये चक्क अगदी वरच्या लीगमधली, कोच मोरिन्योची टॉटनहॅम टीम लागली होती, ५-० नं हरले, प्रेक्षकांना बंदी, मॅच बघितली ती या परसातल्या लोकांनी, आपापल्या जागेतनं. आजोबा मला ती घरं दाखवत होते, जणू राजवाडे आहेत.

समुद्रावरनं वारा असला की कागदी कपातला चहा दोन मिनिटांत थंड. आमच्या आजूबाजूला फार तर तीस-चाळीस माणसं. आजोबा इकडंतिकडं न बघता एका बारच्या पुढं गेले, पाठ लावली आणि डावा पाय एक पायरी खाली टाकून उभे राहिले. मी म्हटलं, मागं कोणी नाहीये. "माहितीये," म्हणाले, आणि जरा सरकून बारपुढं माझ्यापुरती जागा केली. मी खिसे चाचपले, एक च्युइंगम निघालं, ते दिलं.

तेवढ्यात आमच्याविरुद्ध कॉर्नर मिळाला आणि आजोबांनी डोळे गच्च मिटून घेतले.