रिकाम्या घराची किल्ली हातात येईपर्यंत

आम्हाला मिळालेलं कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, घर किल्ल्या हातात येईपर्यंत साडेपाच महिने रिकामं पडून होतं. ते पडून आहे हे कळलं तेव्हा फार राग आला. ते साडेपाच महिने मी आणि माझी नऊ वर्षांची लेक त्याच शहरात एका खोलीत राहत होतो. पलंग एकच, स्वयंपाकघर आणखी तीन कुटुंबांत मिळून एक, आणि दूध फ्रीजमध्ये ठेवायचं तर बाटलीवर नाव लिहून.

आम्ही लंडनच्या पूर्व भागात राहतो. मी वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. जून २०२३ मध्ये घरमालकाने सेक्शन २१ची, म्हणजे घर रिकामं करण्याची, नोटीस दिली, दोन महिन्यांची मुदत, कारण काही नाही. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर एकटीच्या पगारात बाजारभावाचं दुसरं घर परवडणं शक्यच नव्हतं. व्हिसावर असताना बहुतेकांना ‘पब्लिक फंड्स नाहीत’ (म्हणजे सरकारी मदत मिळत नाही) ही अट असते, आणि ती असेपर्यंत कौन्सिलच्या घराच्या यादीत नाव लागत नाही. मला आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) आदल्याच वर्षी मिळाला होता, म्हणून निदान अर्ज तरी करता आला. सांगलीहून आई फोनवर विचारायची, “अगं, सरकारी घर म्हणजे फुकट का?” फुकट नसतं. भाडं दर आठवड्याला द्यायचं असतं, पण ते खाजगी भाड्याच्या जवळपास निम्मं पडतं.

बेघर होण्याची वेळ आली की कौन्सिलकडे जायचं. आधी ५६ दिवस ते घर टिकवायला किंवा नवं शोधायला मदत करतात. नाहीच जमलं आणि पदरी मूल असेल, तर तात्पुरती जागा देतात. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये अशा तात्पुरत्या जागेत एक लाखाहून जास्त कुटुंबं होती आणि कौन्सिलच्या यादीवर सुमारे १३ लाख. आम्ही त्यातलेच एक. मग दर आठवड्याला बिडिंग. पैशांची बोली नसते, या घरासाठी माझं नाव लावा एवढंच सांगायचं. रात्री लेक झोपली की फोनवर यादी उघडायची आणि आपला नंबर बघायचा. ४१, २७, ६३. असं वर्षभर.

आमच्या त्या खोलीच्या खिडकीसमोर एका इमारतीत एक फ्लॅट होता. दाराखिडक्यांवर भोकंभोकं असलेले पोलादी पत्रे ठोकलेले. रोज सकाळी तो बंद फ्लॅट दिसायचा आणि पोटात तुटायचं. इथं माणसं खोलीखोलीत कोंबलेली आणि तिथं दोन बेडरूमचं घर पत्र्याआड. कौन्सिलला झोप तरी कशी लागते, असं मी मैत्रिणीला म्हणायचे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका घरासाठी माझा नंबर दुसरा आला. पहिल्या बाईने ते घेतलं नाही आणि मला बघायला बोलावलं. साठच्या दशकातली चार मजली इमारत, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आत काम चालू होतं. साठीच्या घरातले एक पंजाबी वायरमन काका स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून प्लगचे पॉइंट बसवत होते. हाऊसिंग ऑफिसर फोनवर बाहेर गेली, तेव्हा मी त्यांना हिंदीत विचारलं, एवढे महिने का लागले? त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं.

आधीच्या भाडेकरू आजी वारल्या होत्या. भाडेकरू गेला म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. वारसांना नोटीस द्यावी लागते, मृत्युपत्र नसेल तर पब्लिक ट्रस्टी या सरकारी अधिकाऱ्यालाही. त्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत कौन्सिलला आतली खुर्चीसुद्धा हलवता येत नाही. मग सामान काढायचं, कुलूप बदलायचं, गॅस बंद करायचा. मग अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी. जुन्या बांधकामात वापरलेलं हे घातक तंतूंचं खनिज. इंग्लंडमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या इमारतीत कुठेही निघू शकतं, आणि तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय भिंत फोडता येत नाही. या घरात फरशीत निघालं. मग वायरिंग, मग ओटा आणि कपाटं, मग प्लास्टर, ते वाळलं की रंग. एक जण अडला की मागचे सगळे अडतात. “बेटी, घर खाली नहीं था, लाइन में था,” काका म्हणाले. माझा राग पुरता गेला नाही. आमच्या घरात दोन टप्प्यांच्या मधे नुसते पाच आठवडे गेले होते, कारण कंत्राटदार बदलला होता. ते मला आजही चुकीचं वाटतं. पण पत्रे लावलेल्या खिडकीमागे काय चालतं ते मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

बेघर म्हणून अर्ज केलेल्यांना बहुतेक वेळा योग्य घराची ऑफर एकदाच मिळते. नाकारलीत तर कौन्सिल आपली जबाबदारी संपली म्हणू शकते. घर पटत नसलं तरी आधी ते घ्या आणि २१ दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज करा. दोन्ही एकदम करता येतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे माहीत नसल्यामुळे हातातलं घर घालवलं.

किल्ल्या मिळाल्या १३ जानेवारीला, सोमवारी, आणि भाडं त्याच दिवसापासून सुरू. आत गेले तर गॅसच्या मीटरला लाल पट्टी बांधलेली. रिकाम्या घराचा गॅस बंदच ठेवतात. नव्या भाडेकरूने मीटरमध्ये पैसे भरायचे, फोन करून वेळ घ्यायची आणि स्वतः घरी थांबायचं, मगच माणूस येऊन तपासतो आणि चालू करतो. मला हे करारावर सही करताना कोणीच सांगितलं नाही. वेळ मिळाली गुरुवारची. तोवर ना हीटर, ना गरम पाणी, बाहेर दोन अंश. आम्ही तीन रात्री जुन्या खोलीतच काढल्या. त्यात विजेच्या प्रीपेमेंट मीटरवर आधीची ३८ पौंड उधारी दिसत होती आणि मी भरलेले पैसे त्यात वळते व्हायला लागले. म्हणून सांगते, किल्ली लावल्यावर सगळ्यात आधी दोन्ही मीटरचे फोटो काढा आणि वीज कंपनीला त्याच दिवशी कळवा. मी फोटो पाठवले, त्यांनी उधारी काढून टाकली.

फरशी उघडी होती. जुनं कार्पेट काढून टाकतात, नवं घालत नाहीत. खाली नऊ इंची काळपट तपकिरी चौकोन, मधे मधे डिंकाचे वाळलेले ओरखडे, आणि दाराजवळ जिथून फुटलेल्या फरश्या काढल्या होत्या तिथे करड्या सिमेंटचा ठिगळ. उरलेल्या धड फरश्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे. त्या तशाच झाकून ठेवल्या तर धोका नसतो, पण घासायच्या नाहीत, खरवडायच्या नाहीत, खिळा मारायचा नाही. हे मला कळलं ते मी अ‍ॅस्बेस्टॉसच्या अहवालाची प्रत मागून घेतली म्हणून. त्यातच हॉलच्या छताचंही नाव होतं. आईने दिलेला देव्हारा मी छताला साखळीने टांगणार होते, ड्रिल आणलंही होतं. आता देव पुस्तकांच्या कपाटावर आहेत.

बाथरूमच्या कोपऱ्यात नव्या रंगाखालून महिन्याभरात बुरशी वर आली. पंखा फिरत होता, पण हवा बाहेर टाकतच नव्हता. दोन वर्षांचा अवाब इशाक २०२० मध्ये रॉचडेलच्या घरातल्या बुरशीमुळे गेला, त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाऊसिंगला, म्हणजे कौन्सिलच्या आणि तशाच कमी भाड्याच्या घरांना, लागू झाला आहे. ओल-बुरशीची गंभीर तक्रार आली तर आता दहा कामाच्या दिवसांत तपासणी करावीच लागते. मी तक्रार केली ती त्याआधी, आणि पंखा बदलायला सात आठवडे लागले. आता कोणी फोनवर “बघू” म्हणालं तर तारीख विचारा आणि ईमेलवर घ्या.

खालच्या मजल्यावरचे आजोबा या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या दारावर पत्रा लागला. दोन महिने तिथे काहीच हललं नाही, तेव्हा शेजारीण चिडून मला म्हणाली, बघ, पडून आहे. मी तिला नोटिशीचं सांगितलं. परवा खाली व्हॅन आली आणि मास्क घातलेली दोन माणसं पेटी घेऊन आत गेली. अ‍ॅस्बेस्टॉसवाले. म्हणजे अजून वायरिंग, ओटा, प्लास्टर, रंग.