मंगळवारी दुपारी कोण येणार?

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या फुटबॉल टीमचं खेळाडू बघायचं काम माझ्याकडं आलं. आलं म्हणजे काय, मीटिंगला अर्धा तास लेट गेलो तर तोवर वहीत माझं नाव लिहून मोकळे झालेले. मी पूर्वी बॅकला खेळायचो, गुडघा गेल्यापासून कट्ट्यावर, त्यामुळं सगळ्यांचं एकमत की ह्याला वेळ आहे. घरात सांगितलं तर बायको म्हटली, पगार किती?

कोल्हापूरचा फुटबॉल म्हटलं की बाहेरच्या माणसाला पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल एवढंच ठाऊक, पेपरात फोटो त्यांचेच, शाहू स्टेडियम खच्चून भरतं ते पण त्यांच्याच मॅचला. पण केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात टीम सोळा, आणि त्याच्या खाली पण गट आहेत, तिथं आमच्यासारख्या टीम खेळतात, ज्यांच्या मॅचला दीडशे माणसं असली तर त्यातली पन्नास पुढच्या मॅचसाठी जागा धरून बसलेली असतात. आमची तालीम, म्हणजे पेठेचं मंडळ, टीम तिचीच, जुनी, एकेकाळी आम्ही पण वर होतो, आणि हे रोज कुणी ना कुणी म्हातारा कट्ट्यावर ऐकवतोच. "आमच्या टायमाला पायात बूट नव्हते पण टीम वर होती." आता ह्यावर काय बोलायचं.

तर ठरलं की ह्या वर्षी काय पण करून वर जायचं.

पैशाचं सांगतो. वर्गणी, दोन दुकानदार आणि इच्छुक उमेदवार मिळून एक लाख साठ हजार जमले. इच्छुकांकडून जास्त अपेक्षा होती, पण महापालिकेची मुदत २०२० लाच संपलेली आणि इलेक्शन लागायचं नाव नाही, तसे इच्छुक पण हात आखडते घ्यायला लागलेले. इलेक्शन जवळ आलं की टीमला किट मिळतं हा आमच्याकडचा जुना नियम. ह्यातनं किट, बॉल, नोंदणी, मॅचच्या दिवशीची केळी-अंडी-बर्फ, रिक्षा आणि पोरांचं मानधन, सगळं.

पहिल्या मीटिंगला सगळ्यांचं एकच, परदेशी फॉरवर्ड आणा. वरच्या टीमांकडं आफ्रिकेतली पोरं खेळतात, समोरचा बॅक नुसता अंगावर घेतात, तर आपल्याकडं पण एक पाहिजे. कुणाच्यातरी ओळखीचा एजंट होता, त्यानं व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला, दोन मिनिटांचा, मागं ढँगढँग म्युझिक आणि एकामागनं एक अकरा गोल. तालमीत पोरं वेडी झाली. मी घरी येऊन रात्री परत बघितला, थांबवून थांबवून, तर त्यातले पाच गोल एकाच मॅचचे, जर्सी तीच, ऊन तेच, आणि समोरचा कीपर बहुतेक त्याचाच कुणीतरी पाहुणा असावा असा बाजूला होत होता. वर महिन्याला पंचेचाळीस हजार, राहायला खोली, जेवण. परत परदेशी खेळाडू म्हणजे आधी जिथं नोंद आहे त्या देशाच्या असोसिएशनकडून आयटीसी, म्हणजे ट्रान्सफरचं सर्टिफिकेट, यायला पाहिजे, व्हिसा नीट पाहिजे. त्यातच ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या फेडरेशनला दहा-अकरा दिवस सस्पेंड करून ठेवलं, तर तालमीत चर्चा अशी की आपला खेळाडू फिफामुळं अडकला. अरे अडकला कुठं, एक लाख साठ हजारात त्याचे चार महिने होत नव्हते!

मग दुसरा सूर निघाला की वरच्या टीमचा बेंचवरचा एखादा मोठा प्लेअर घ्या. घेतला. पन्नास हजाराला. मी विरोध केला म्हणून आता सांगणार नाही, कारण केला नव्हता, उलट मीच त्याच्या घरी जाऊन वीस हजार रोख देऊन आलो. पोरगा चांगलाच खेळायचा, बॉल पायाला चिकटल्यासारखा. पण प्रॅक्टिसला आला दोनदा. आणि आमची लीग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात कुठंतरी रात्रीच्या सेव्हन-अ-साइडला बक्षीस मोठं म्हणून खेळायला गेला आणि घोटा सुजवून आला. त्याचा पाय बघितला तर टोमॅटोगत लाल. बरं रागवायचं कुणाला, एका रात्रीत तीन हजार मिळतात तर तो पण काय करणार. पहिल्या दोन मॅच तो आमच्या बेंचवर बर्फ लावून बसला, म्हणजे तिकडं बेंचवर होता आणि इकडं पण बेंचवरच.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट उशिरा कळली. खालच्या गटात कोण चांगला खेळतो हा प्रश्नच नसतो. चांगली पोरं आमच्या पेठेतच पंधरा निघतील. प्रश्न असा असतो की मंगळवारी दुपारी तीनला ग्राउंडवर कोण उभा असणार. आमच्या मॅच मधल्या वारी, भर दुपारी. एक स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, पहिली शिफ्ट सात ते तीन, म्हणजे घामाघूम येऊन तो हाफ टाइमला पोचणार. एक लेफ्ट बॅक गुऱ्हाळावर, आणि गुऱ्हाळाचा सीझन आणि फुटबॉलचा सीझन बरोबर एकमेकांवर, एकदा चुलवाण पेटलं की तो माणूस आपला नाही. दोघं कॉलेजला, त्यांच्या परीक्षा. आणि निम्मी टीम पोलीस भरतीची तयारी करणारी. गावाकडं काय, शहरात काय, पहाटे रस्त्यावर पळणारं पोरगं दिसलं की ते एकतर भरतीचं असतं नाहीतर फुटबॉलचं, आणि आमच्याकडं दोन्हीचं.

मग मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढं पोझिशन लिहायचं बंद केलं आणि शिफ्ट लिहायला लागलो. स्टॉपरच्या सुपरवायझरला भेटायला शिरोलीला गेलो, पाव किलो पेढे घेऊन. तो निघाला दुसऱ्या पेठेचा, कट्टर. म्हटला, "आमच्या टीमला तुमच्या तालमीनं हरवलेलं, आठवतंय का?" मला कुठलं आठवणार, मी तेव्हा शाळेत. शेवटी म्हटला, मंगळवारची सेकंड लावतो, पण मॅच संपल्यावर तासाभरात इकडं पाहिजे. त्या पोरानं तीन मॅच अशा खेळल्या की शेवटची शिट्टी झाली की किट बॅगेत कोंबून सरळ गाडीवर, अंघोळ नाही काय नाही.

आता गडहिंग्लजचं. तिथं फुटबॉलचं वेड आपल्याइतकंच जुनं आहे, एम. आर. हायस्कूलच्या ग्राउंडवर स्पर्धा होतात, बाहेरगावच्या टीम येतात, गावच्या बायका-माणसं काठाला बसून बघतात. मी आणि एक मित्र स्प्लेंडरवरनं गेलो, मी खरं तर कीपर बघायला गेलेलो. कीपर काय पसंत पडला नाही. पण एक डाव्या पायाचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला, होता, एकोणीस वर्षाचा, काटकुळा, त्यानं एक बॉल असा सोडला की, म्हणजे बघा, आपल्या डी जवळनं, मान वर न करता, उजव्या बाजूच्या पळणाऱ्या पोराच्या बरोबर पुढच्या पावलाला, आणि बॉल टप्पा पडल्यावर पुढं न पळता तिथंच मऊ झाला. माझ्या शेजारचा म्हातारा नुसता "हां" म्हटला. मी मित्राकडं बघितलं, मित्र चिरमुरे खायचा थांबलेला.

मॅच झाल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. आई एकटीच होती, चहा ठेवला. मी आपलं सुरू केलं, मावशी असं असं आहे, पोरात गुण आहे, आपल्या कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर सेव्हन्टीन वर्ल्ड कपला इंडियाकडनं खेळला की नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटल्या, "ते सगळं खरं, पण ह्याचं सर्टिफिकेट भरतीला चालतंय का?"

नाही चालत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या लेव्हलच्या मान्यताप्राप्त स्पर्धा लागतात, आमच्या लोकल लीगच्या कागदावर कुणी शिक्का पण मारत नाही. खोटं बोलता आलं असतं. पण चहा इतका चांगला होता की नाही बोलवलं. म्हटलं, नाही मावशी, चालत नाही, पण मॅचला येण्याजाण्याचा खर्च, जेवण आणि सीझनचे बारा हजार देतो, आणि भरतीच्या तारखेला मॅच आली तर त्याला बोलवणार नाही. त्या म्हटल्या, "बारा नको, पंधरा द्या, बूट फाटल्यात त्याचे." झाला सौदा. पन्नास हजारवाल्याच्या वेळी ह्याच्या निम्मी पण घासाघीस झाली नव्हती.

नोंदणीचं मात्र देवा. फेडरेशनच्या सीआरएसला, म्हणजे नोंदणीच्या सिस्टीमला, खेळाडूची ऑनलाइन नोंद, फोटो, आधार, जन्माचा दाखला, आणि ह्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर स्पेलिंग दुसरं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरंच. ते निस्तरायला त्याचे दोन दिवस आणि माझी एक सीएल गेली. बरं ते झालं तर कळलं की ह्याची नोंद आधीच एका क्लबकडं आहे. ह्याला पत्ताच नाही! दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली आणि नाव तिथंच पडून. फिफाच्या नियमानं एका सीझनला तीन क्लबकडं नोंद चालते, मॅच मात्र दोनच क्लबकडनं खेळता येतात, पण मुळात आधीच्यानं सोडलं पाहिजे की. त्या क्लबच्या सेक्रेटरीला फोन केला, उचलेना. चार दिवसांनी उचलला. म्हटला, सोडतो की, आमचंच पोरगं, पण आम्ही घडवलंय त्याला. मी म्हटलं, बरं, मग? जरा वेळ थांबून म्हटला, "दोन बॉल द्या. पाच नंबरचे. नवीन." तर असं आमचं ट्रान्सफर झालं, दोन फुटबॉल आणि पेट्रोल. मी पावती मागणार होतो, मित्रानं मागनं शर्ट ओढला.

लीगचं फार सांगत नाही. पहिली मॅच हरलो, दुसरी ड्रॉ, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मला बघून तोंड फिरवायला सुरुवात केली. मग लागोपाठ तीन जिंकलो, त्यातली एक गडहिंग्लजच्या पोराच्या फ्री किकवर. घोटेवाला पण परत आला आणि त्यानं दोन गोल मारले, उगं त्याला नावं ठेवत नाही. हिशेब असा झाला की शेवटची मॅच जिंकली की वर.

शेवटची मॅच जानेवारीत, मंगळवारी. आणि त्याच दिवशी पहाटे आमच्या त्या डाव्या पायाचं भरतीचं ग्राउंड! सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, पन्नास मार्कांची फिजिकल. सोळाशेला वीस मार्क, ते सगळे पाहिजेत तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत. मावशींना शब्द दिलेला, त्यामुळं मी फोन केला नाही. मीटिंगला सगळे माझ्या अंगावर, एक फोन कर, तो नको म्हणणार नाही. नको म्हणणार नाही हेच तर मला माहीत होतं.

साडेअकराला तो स्वतःच तालमीत आला. दंडावर स्केचपेननं लिहिलेला नंबर तसाच. म्हटला, "दादा, पाच मिनिटं चार सेकंद." मग सतरंजीवर आडवा झाला आणि दोनपर्यंत झोपला, तोंडावर टॉवेल घेऊन, शेजारी लहान पोरं कॅरम खेळत होती तरी हूं नाही की चूं नाही. मी त्याला सांगितलं, तुला बेंचवर ठेवतो, लागला तरच. हाफ टाइमला आम्ही एक-शून्यनं मागं. तो मोजे वर ओढत माझ्याकडं बघतच नव्हता. सोडला.

उतरल्यावर दहा मिनिटांत त्यानं बरोबरीचा बॉल दिला, स्टॉपरनं कॉर्नरवर हेड मारला, आमची सगळी दीडशे माणसं उभी. मग पंच्याहत्तराव्या मिनिटाला त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, तिथंच सेंटरला बसला, पाय ताठ. आमचे तिन्ही बदल संपलेले, दुसऱ्या दोघांना आधीच काढलेलं, त्यामुळं तो लंगडत उजव्या कोपऱ्यात उभा राहिला आणि शेवटची पंधरा मिनिटं आम्ही दहा जणच खेळलो. एक-एक. स्टॉपर शिट्टी झाल्या झाल्या गाडीवर, सेकंड शिफ्टला. त्याला पार्किंगमधनं कुणीतरी ओरडून सांगितलं की दुसऱ्या टीमचे पॉइंट जास्त होतात, आपण नाही जात वर. त्यानं हेल्मेट घातलं आणि गेला.

हिशेब मांडला तर टीमचे चार हजार दोनशे माझ्याच खिशातनं गेलेले. ते अजून मिळालेले नाहीत.

गडहिंग्लजचं पोरगं आता खाकीत आहे, दिवाळीला मावशींचा फराळाचा डबा येतो. आम्ही अजून खालीच आहोत आणि वही अजून माझ्याकडंच आहे. डाव्या पायाचा हाफ कुणाच्या बघण्यात असला तर कळवा. पंधरा हजारापर्यंत जमवतो, बूट वेगळे. फक्त आधी विचारून ठेवा, शिफ्ट कुठली आहे.