रेड अलर्टच्या आधी भरायची पिशवी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं सांगितलं गेलं. ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांबच आडवे केले. कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात, तिथे कसलं ऑनलाइन? पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. महामारी सरली, तरी कोकणात शाळा बंद पडणं काही सरलेलं नाही. जुलैत रेड अलर्ट येतो, सुट्टीचा आदेश बऱ्याचदा रात्री ग्रुपवर पडतो, आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की साकवापलीकडची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापलीकडची, मुलं आदेशाशिवायही घरीच. तेव्हा घरबसल्या शिकण्याची सोय हवीच, फक्त ती रेंजच्या भरवशावर नको.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेला हे परवडतं. जूनअखेर प्रत्येक मुलाची एक पिशवी तयार करा: चेनची प्लॅस्टिक फाइल, त्यात पाच दिवसांचे पाच कागद, पाठपोट. एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला गणित. बारा मुलांना एका फेरीला साठ कागद. इंकजेटवर छापू नका, दमट हवेत शाई पसरते, झेरॉक्सच काढा. सोबत शिसपेन्सिल द्या, जेलपेन नको. पिशवी घरीच राहू दे, पण जांभ्याच्या भिंतीला टेकून नाही. पावसात भिंत पाझरते आणि कागदाला बुरशी धरते.

कागदावर नवा धडा देऊ नका, सगळं बिघडतं ते इथेच. समजा हातच्याची वजाबाकी वर्गात झालेलीच नाही आणि कागदावर ५२ वजा २७ आहे. मूल सातातून दोन, पाचातून दोन वजा करून ३५ लिहितं. शिक्षकाला त्या ३५ वरून कळलं असतं की पोर कुठे अडलंय. पण घरातलं मोठं माणूस ते खोडून २५ करतं, कागद बरोबर येतो आणि फळ्यापाशी पुन्हा ३५. म्हणून झालेल्या भागाचाच सराव द्या, आणि चुका खोडू नका हे पालकांना बजावून सांगा.

फोन घरात एकच, तोही वडिलांबरोबर होडीवर नाहीतर बागेत. निरोप संध्याकाळी सातनंतर पाठवा, आणि आवाजातच. मिनिटभराचा आवाजी निरोप शे-दीडशे केबीचा, तेवढाच व्हिडिओ पाच-दहा एमबी सहज खातो. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावरच, मिळत असेल, तर वर गेलेला एखादा काका आवाज उतरवून आणतो, व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. आधी पान क्रमांक सांगा, मग एकच काम. ‘दीक्षा’ या सरकारी अॅपवरचे धडे मात्र रेंज असताना उतरवून ठेवावेत, मग ते विनारेंज चालतात. २०२० च्या जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, ती कल्पना चांगली होती; रेंज नसलेल्या वाडीतही डिश असते. पण जोराची सर आली की डिशचं चित्र फुटतं, आणि हुकलेला भाग हुकलाच.

शाळेतल्या टॅबची वाट लागते ती मे महिन्यात. पूर्ण उतरलेली बॅटरी कपाटात पडून राहते आणि जूनमध्ये चार्जच होत नाही. सुट्टीआधी निम्मी भरून ठेवा. पावसाळ्यात टीव्ही आठवड्यातून अर्धा तास तरी चालवा. विजा कडाडू लागल्या की प्लग काढा आणि डिशची केबलही; ती हमखास विसरते.

शाळा उघडली की पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्या. मग अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट पाडा आणि रोजचा पहिला तास त्या गटांत घ्या, इयत्ता बाजूला ठेवून. २०२१ चा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचा सराव, इयत्तेप्रमाणे आखलेला होता. चौथीत बसून अक्षरं जुळवणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार २०२३ पासून चालू आहे. शिक्षण हक्क कायद्याचे नियम प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत मागतात, आणि वरची सगळी व्यवस्था उभी राहते ती वाडीतलं प्रत्येक घर ओळखणाऱ्या शिक्षकावर. गाडीने लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पिशव्या रेड अलर्टच्या दिवशी कोण तपासणार, हे त्या आराखड्यात कुठे आहे? शाळा व्यवस्थापन समितीच्या जूनच्या बैठकीत हे विचारून घ्या आणि इतिवृत्तात लिहून ठेवा: साकवाच्या अलीकडे किती मुलं, पलीकडे किती, कोणाच्या पडवीत बसतील, आणि दुसऱ्या फेरीचे कागद तिकडे कोण पोचवणार.